उंदरांच्या पिढ्यांचा हिशेबनीस

डॉक्टर होण्याचे स्वप्न आजारपणाने हिरावून घेतले आणि त्यातूनच जीवशास्त्राला एक कायमचे साधन लाभले. पॅट्रिक होल्ट लेस्ली यांच्या आयुष्याचे सार हेच.

१९०० साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या लेस्ली यांनी ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयातून १९२१ मध्ये शरीरक्रियाशास्त्राची पदवी घेतली. प्रकृतीने साथ न दिल्याने वैद्यकीचे शिक्षण मात्र अपुरे राहिले. काही वर्षे त्यांनी जीवाणुशास्त्रात सहायक म्हणून काढली. पुढे मन संख्याशास्त्राकडे वळले. १९३५ मध्ये ते चार्ल्स एल्टन यांच्या 'ब्यूरो ऑफ ॲनिमल पॉप्युलेशन' या संस्थेत दाखल झाले. व्होल आणि लेमिंग या उंदरांच्या भाऊबंदांची संख्या दर तीन-चार वर्षांनी फुगते आणि कोसळते, हे कोडे एल्टन यांना पडले होते.

लेस्ली यांनी हिशेब मुळापासून मांडला. प्रयोगशाळेतील व्होल किती जगतात, कोणत्या वयात किती पिले देतात, याची कोष्टके त्यांनी आर. एम. रॅन्सन यांच्या साथीने १९४० मध्ये प्रसिद्ध केली. अनुकूल परिस्थितीत ही संख्या सुमारे आठ आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, असे त्यातून दिसले. महायुद्धाच्या काळात धान्याची नासाडी करणारे उंदीर आवरण्याचे काम संस्थेकडे आले आणि या आकडेमोडीला निकडीचे मोल आले.

१९४५ मध्ये 'बायोमेट्रिका'त त्यांचा गाजलेला निबंध आला. वयोगटांनुसार चौकट आखायची. पहिल्या ओळीत जननदर आणि कर्णाच्या खाली पुढच्या वयात पोहोचणाऱ्यांचे प्रमाण लिहायचे. या सारणीने आजच्या संख्येला गुणले की पुढच्या काळातील संख्या मिळते. असाच विचार ब्रह्मदेशात हॅरो बर्नार्डेली यांनी १९४१ मध्ये, तर ई. जी. लुईस यांनी १९४२ मध्ये कोलकात्याच्या 'सांख्य' नियतकालिकात मांडला होता. मात्र तो सर्वांगांनी फुलवला लेस्ली यांनीच. दर स्थिर धरणारी ही सारणी चढउताराचे कोडे सोडवू शकत नव्हती. म्हणून १९४८ मध्ये त्यांनी गर्दीचा आणि भक्षकांचा परिणामही गणितात आणला.

संगणकाअभावी ही पद्धत दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. १९६७ मध्ये संस्था बंद झाली, लेस्ली निवृत्त झाले आणि १९७२ मध्ये निवर्तले. १९८७ मध्ये याच सारणीच्या सुधारित रूपाने अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की समुद्री कासवांची केवळ अंडी राखून भागणार नाही, जाळ्यांत मरणारी मोठी पिलेही वाचवायला हवीत. उंदरांना आवर घालण्याच्या काळात घडलेले गणित आता दुर्मीळ जीवांच्या रक्षणाला उभे राहिले होते.