कॅप्टन टी. आओ, एमबीबीएस

आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी एक तरी मुलगा असा असतो, ज्याची मॅच नेमकी सबमिशनच्या आठवड्यातच येते. घरचे म्हणतात, आधी डिग्री, मग काय ते खेळ. कोच म्हणतो, पाय आज आहेत, डिग्री कुठे पळून जाते? दोघांचंही खरं असतं, हाच तर प्रॉब्लेम! अशा सगळ्यांनी एका माणसाचं आयुष्य जरूर माहीत करून घ्यावं. ते म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक फुटबॉल टीमचे कॅप्टन, डॉ. तालिमेरेन आओ. क्रिकेटच्या गर्दीत आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

आओंचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी तेव्हाच्या नागा हिल्समधल्या चांगकी गावात झाला. वडील पाद्री होते आणि घरात बारा भावंडं. फुटबॉल विकत आणण्याचा प्रश्नच नव्हता. चिंध्यांचा बॉल करायचा आणि अनवाणी खेळायचं. १९३५ साली वडील टायफॉइडने गेले. आपल्या मुलांपैकी एकाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची शेवटची इच्छा. तालिमेरेन तेव्हा सतरा वर्षांचे होते. आपण ज्या वयात सीईटीचे क्लास लावतो, साधारण त्याच वयात त्यांच्यावर हा शब्द येऊन पडला.

पुढे ते गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात गेले. तिथे ग्राउंडवर त्यांचं नाव झालं. १९४२ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात (म्हणजेच पुढचं आर. जी. कर) प्रवेश मिळाला, आणि १९४३ मध्ये मोहन बागानची जर्सी! बाहेर महायुद्ध, बंगालमध्ये भीषण दुष्काळ, आणि हा मुलगा एकीकडे ॲनाटॉमी आणि दुसरीकडे देशातला सर्वांत नावाजलेला क्लब सांभाळत होता. ते बचावाकडे लक्ष ठेवणारे मिडफिल्डर होते. समोरच्याची चाल आधीच ओळखून बॉल काढून घ्यायचा, हे त्यांचं काम.

मग आलं १९४८, लंडन ऑलिम्पिक. उद्घाटनाला भारताचा तिरंगा आओंच्या हातात होता. आपले कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधवही याच पथकात होते, हे वाचून मला विशेष आनंद झाला. ३१ जुलैला लंडनजवळच्या इलफर्डला फ्रान्सशी मॅच झाली. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी! इंग्रज पत्रकारांनी बुटांबद्दल विचारलं, तेव्हा आम्ही फुटबॉल खेळतो आणि तुम्ही बूटबॉल, अशा अर्थाचं उत्तर देऊन आओंनी सगळ्यांना हसवलं, असा किस्सा सांगतात. फ्रान्सने पहिला गोल केला, रामनने बरोबरी साधली. पण आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन आपण २-१ ने हरलो. हरूनही लोकांनी या टीमला डोक्यावर घेतलं.

याच सुमारास आर्सेनलने आओंना एक वर्षाचा करार देऊ केला, असं सांगितलं जातं. आर्सेनल म्हणजे त्या वर्षीचे इंग्लंडचे लीग चॅम्पियन. आज असा फोन आला तर आपल्यापैकी कितीजण सेमिस्टरची परीक्षा द्यायला परत येतील? आओंनी मात्र नकार दिला आणि कलकत्त्याला परतून राहिलेला अभ्यास हातात घेतला.

इथे नुसत्या टाळ्या वाजवून पुढे जाऊ नये, थोडा हिशेबही करावा. तेव्हा आओ तीस वर्षांचे होते. फुटबॉलरसाठी तीस म्हणजे संध्याकाळ. करार एका वर्षाचा. इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर मर्यादा होती, सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त १२ पौंड. आजच्यासारखे करोडो नव्हते. दुसऱ्या बाजूला एक डॉक्टर, आणि डॉक्टरची वाट बघणारा अख्खा डोंगराळ प्रदेश. म्हणजे निर्णय भावनेचा होता तसाच व्यवहाराचाही होता.

आणि फुकट काहीच मिळालं नाही. प्रवेश १९४२ चा, एमबीबीएस झाले १९५० साली. आठ वर्षं! एका इयर डाउनने जग बुडाल्यासारखं वाटणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्यांनी खेळ सोडून डिग्री घेतली नाही, की डिग्री सोडून खेळ घेतला नाही. जास्त वेळ लागू दिला, पण दोन्ही केलं. जेव्हा खरंच एकच निवडायची वेळ आली, तेव्हा कुठली गोष्ट हलवायची नाही हे त्यांना सतराव्या वर्षापासून माहीत होतं.

पुढे ते आपल्या डोंगरात परतले आणि कोहिमाला असिस्टंट सिव्हिल सर्जन झाले. १९६३ मध्ये नागालँड राज्य झालं, त्याच वर्षी ते आरोग्य सेवेचे पहिले नागा संचालक झाले. १९७८ साली निवृत्त झाले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचं निधन झालं. आसाममध्ये कालियाबोरला त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे, आणि जन्मशताब्दीला, २०१८ मध्ये, त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं.

मग सगळ्यांनी क्लब सोडून कॉलेज धरावं का? मला तसं वाटत नाही. एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला खरोखर मोठ्या क्लबची ऑफर आली, तर त्याचा हिशेब वेगळा निघू शकतो. आओंचं उत्तर कॉपी करण्यासारखं नाही, त्यांचे प्रश्न मात्र कॉपी करावेत. माझ्या पायात अजून किती वर्षं आहेत? करार किती दिवसांचा? आणि माझ्या डिग्रीची वाट माझ्याशिवाय आणखी कोण बघतंय? याची खरी उत्तरं सापडली, की मॅच आणि सबमिशन एकाच आठवड्यात आली तरी माणूस गोंधळत नाही. निदान कमी गोंधळतो!