हयातीत एकाही अल्बमच्या पाच हजार कॉपी खपल्या नाहीत, पण एका अटीमुळे निक ड्रेक आज जगभर ऐकला जातो

१९९९ चा नोव्हेंबर महिना. अमेरिकेत फोक्सवॅगनची एक जाहिरात लागायला सुरुवात झाली. चांदणी रात्र, उघड्या टपाची गाडी आणि गाडीत चार तरुण पोरंपोरी. ते एका पार्टीच्या ठिकाणी पोहोचतात, बाहेरूनच आतला गोंधळ बघतात, एकमेकांकडे बघतात आणि गाडी मागे घेऊन परत रस्त्याला लागतात. बास, एवढंच. अख्ख्या जाहिरातीत कोणी एक शब्द बोलत नाही. मागे फक्त एक गिटार आणि हळू आवाजात गाणारा एक माणूस.

गाडीचं राहिलं बाजूला, लोक विचारायला लागले की हा गातोय कोण?

तर त्याचं नाव निक ड्रेक. गाणं त्याच्या पिंक मून या अल्बममधलं. आणि तो जाऊन २५ वर्षं झाली होती. गेला तेव्हा त्याचं वय होतं फक्त २६. जाहिरात आल्यानंतर महिनाभरात त्याच्या जेवढ्या रेकॉर्ड विकल्या गेल्या, तेवढ्या आधीच्या ३० वर्षांत विकल्या गेल्या नव्हत्या, असं सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, एका जाहिरातीनं नशीब काढलं. पण थांबा, जाहिरातीत गाणं वाजायला ते २५ वर्षं टिकून तर राहायला पाहिजे. ते टिकलं कसं, हा खरा विषय आहे.

निकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनचा. त्याचे वडील रॉडनी तिथे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते. नावातलं बॉम्बे म्हणजे आपली मुंबईच. ब्रह्मदेशातल्या सागवानावर मोठी झालेली ही कंपनी आज वाडिया ग्रुपकडे आहे. निकची थोरली बहीण गॅब्रिएल हिचा जन्म तर लाहोरचा. ती पुढे अभिनेत्री झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्रेक कुटुंब इंग्लंडला परतलं आणि टॅनवर्थ-इन-आर्डन नावाच्या गावात स्थायिक झालं.

त्याची आई मॉली पियानो वाजवायची, स्वतः गाणी रचायची आणि घरच्या टेप रेकॉर्डरवर ती रेकॉर्ड करून ठेवायची. तिची ती गाणी पुढे जगासमोर आली. ती ऐकली की कळतं, पोराच्या गळ्यातली उदासी आली कुठून. शाळेत निक अभ्यासात यथातथा, पण १०० यार्ड धावण्यात शाळेचा रेकॉर्ड त्याच्या नावावर होता. पियानो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन सगळं वाजवून झालं, मग गिटार हातात आली आणि बाकीचं मागं पडलं.

१९६७ मध्ये निक इंग्रजी साहित्य शिकायला केंब्रिजला गेला. वर्गात त्याचं लक्ष कमी आणि हॉस्टेलच्या खोलीत गिटार घेऊन बसणं जास्त. तिथेच त्याला रॉबर्ट कर्बी भेटला. कर्बी संगीताचा विद्यार्थी, निकच्याच वयाचा. एकाला सूर सुचायचे, पण कागदावर स्वरलेखन करून वादकांच्या हातात द्यायचं म्हटलं तर अवघड. दुसऱ्याला नेमकं तेच यायचं. निक टेप घेऊन यायचा, कुठे व्हायोलिन हवं, कुठे नको हे सांगायचा आणि कर्बी ते लिहून काढायचा. कॉलेजमधल्या दहाबारा वादकांना घेऊन दोघांनी कार्यक्रमही केले.

त्याच सुमारास लंडनमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडच्या ॲशली हचिंग्जनं निकला स्टेजवर पाहिलं आणि जो बॉइड या निर्मात्याला त्याचं नाव सुचवलं. बॉइड अमेरिकन, वय २५ च्या आसपास. त्यानं निकची टेप ऐकली आणि आयलंड रेकॉर्ड्सतर्फे अल्बम काढायचं ठरवलं.

पहिल्या अल्बमसाठी बॉइडनं रिचर्ड ह्यूसन नावाच्या अनुभवी संयोजकाला बोलावलं. त्यानं वाद्यमेळ बांधला, वाजवून दाखवला. आणि एरवी तोंडातून शब्द न फुटणाऱ्या निकनं सांगून टाकलं की हे चालणार नाही, माझा केंब्रिजचा मित्र आहे, त्याला बोलवा. ज्यानं आयुष्यात स्टुडिओत एकही रेकॉर्डिंग केलेलं नाही अशा विशीतल्या पोराला पगारी वादकांसमोर उभं करायचं? बॉइड आणि साउंड इंजिनिअर जॉन वुड दोघंही साशंक होते. पण चेल्सीतल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत कर्बीनं लिहिलेलं वे टू ब्लू वाजलं आणि शंका संपली. या गाण्यात निकनं गिटार वाजवलेलीच नाही, फक्त त्याचा आवाज आणि मित्रानं लिहिलेल्या व्हायोलिन-चेलोच्या ओळी.

एका गाण्यापुढे मात्र कर्बीनंही हात टेकले. रिव्हर मॅन. हे गाणं पाच मात्रांच्या हिशोबात चालतं. आपल्या झपतालात दोन-तीन, दोन-तीन असं चालतं ना, त्या जातीची चाल. इंग्लिश गाण्यांना सवय चारची, त्यामुळे कानाला सारखं वाटत राहतं की पाऊल अर्धवट पडतंय. ते काम शेवटी हॅरी रॉबिन्सन या मुरलेल्या संगीतकारानं केलं. त्याची ओळख काय, तर हॅमर कंपनीच्या भुताखेताच्या सिनेमांचं पार्श्वसंगीत.

१९६९ मध्ये फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट आला. नाव कशावरून, तर सिगारेट वळायच्या रिझला कागदाच्या पाकिटात शेवटी एक चिठ्ठी असायची, पाचच पानं उरलीत म्हणून. अल्बम चालला नाही.

त्याच वर्षी निकनं डिग्रीला नऊ महिने उरलेले असताना केंब्रिज सोडलं. वडिलांनी पत्र लिहून समजावलं की डिग्री असू दे, पडलास तर खाली जाळी राहील. पोराचं म्हणणं होतं, तेवढी जाळीच नकोय.

आता त्या काळात रेकॉर्ड खपवायची तर गावोगाव कार्यक्रम करणं आलं. इथेच सगळं अडलं. निक गिटारच्या तारा जवळपास प्रत्येक गाण्यासाठी वेगळ्या सुरात लावायचा. म्हणजे एक गाणं संपलं की पुढची काही मिनिटं तो मान खाली घालून तारा पिळत बसणार. दुसरा गायक असता तर तेवढ्यात चार विनोद मारले असते. हा गडी एक शब्द बोलायचा नाही. समोर बिअर पीत बसलेल्या पब्लिकला काय पडलंय, ते आपापसात गप्पा हाणायचे. १९७० च्या जूनमध्ये सरे परगण्यातल्या एका कॉलेजात फ्रूट ट्री गाता गाता तो मधेच उठला आणि निघून गेला. कलाकाराला किंमत मेल्यावरच मिळते, असा त्या गाण्याचा विषय. त्यानंतर तो कार्यक्रमांच्या वाटेला जवळपास गेलाच नाही.

दुसरा अल्बम ब्रायटर लेटर १९७१ चा. या वेळी बॉइडनं काही बाकी ठेवलं नाही. ड्रम, बास, सॅक्सोफोन, फेअरपोर्टचे वादक, कर्बीचा वाद्यमेळ. वेल्व्हेट अंडरग्राउंडवाला जॉन केल तर निकची टेप ऐकून स्वतःहून त्याला भेटायला गेला आणि दोन गाण्यांत वाजवून आला. अल्बममध्ये शब्द नसलेले तीन तुकडेही आहेत. त्यात गायक निक नसून निक आणि कर्बी हे दोन दोस्तच ऐकू येतात. एवढं करून खप झाला तीन हजारांच्या आत.

निक खचला. त्यात बॉइड वॉर्नर ब्रदर्सच्या नोकरीसाठी लॉस एंजेलिसला निघाला. त्यानं आपली विचसीझन कंपनी आयलंडला विकली आणि विकताना एक अट घातली. निक ड्रेकचे अल्बम कॅटलॉगमधून कधीही काढायचे नाहीत.

आज मोबाइलवर कुठलंही जुनं गाणं सापडतं, म्हणून या अटीचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. पण त्या काळी न खपणारी रेकॉर्ड कंपनी छापणं बंद करायची. मग ती जुन्या बाजारात मिळाली तर मिळाली, नाहीतर विषय संपला. हजारो चांगले अल्बम असे गेले. निकचे गेले नाहीत, कारण जाता जाता बॉइडनं कागदावर तशी सोय करून ठेवली. बॉइडनं निकला सोडून जायला नको होतं, असं म्हणणारे आजही आहेत. पण त्यानं घातलेली अट हेही खरंच.

ऑक्टोबर १९७१. निकनं जॉन वुडला फोन केला. दिवसा स्टुडिओ भरलेला, म्हणून दोन रात्री, अकरा वाजल्यानंतर फक्त हे दोघंच. ना बॉइड, ना कर्बी. एक आवाज, एक गिटार आणि एका गाण्यात पियानोचे चार सूर. ११ गाणी, २८ मिनिटं. हा पिंक मून. टेप त्यानं आयलंडच्या रिसेप्शनवर ठेवली आणि न बोलता निघून गेला, ही गोष्ट इंटरनेटवर हमखास वाचायला मिळते. ती खरी नाही, त्यानं टेप मालक ख्रिस ब्लॅकवेलच्या हातात दिली होती.

तीनपैकी भारी कोणता, यावर दोन चाहते भेटले की रात्र जाते. पिंक मूनवाले म्हणतात, बाकी सगळं सजावट होती, खरा निक इथे आहे. हे म्हणणं कर्बीवर अन्याय करणारं आहे. व्हायोलिन निकवर कोणी लादली नव्हती, तीच हवीत म्हणून तो अडून बसला होता. नव्यानं ऐकणाऱ्यानं पहिल्या अल्बमपासूनच सुरुवात करावी.

पिंक मून १९७२ मध्ये आला आणि आधीच्या दोघांपेक्षाही कमी खपला. निक आईवडिलांकडे राहायला आला. नैराश्यानं त्याला पूर्ण घेरलं होतं, पाच आठवडे हॉस्पिटलमध्येही काढावे लागले. न सांगता मित्रांच्या दारात यायचा, तासन् तास गप्प बसायचा आणि निघून जायचा. त्याचा मित्र जॉन मार्टिननं १९७३ मध्ये त्याच्यासाठी सॉलिड एअर हे गाणं केलं. १९७४ मध्ये निक पुन्हा स्टुडिओत गेला, तेव्हा त्याला गाणं आणि गिटार एकत्र जमेना, दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड करावं लागलं.

२५ नोव्हेंबर १९७४ ला तो घरातच गेला. नैराश्यावरच्या गोळ्या प्रमाणाबाहेर पोटात गेल्या होत्या. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. तो सगळ्यांना मान्य झाला नाही.

नंतर हळूहळू पोरं टॅनवर्थला यायला लागली. कोणी अमेरिकेतून, कोणी युरोपातून. रॉडनी आणि मॉली त्यांना घरात घ्यायचे, निकची खोली दाखवायचे, घरच्या टेपच्या कॉपीही करून द्यायचे. द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथनं आपल्या बँडचं नाव निकच्या गाण्यातल्या शब्दावरून आल्याचं सांगितलं. आर.ई.एम. च्या पीटर बकसारखे चाहते तयार झाले आणि १९८५ चा अल्बम या बँडनं जो बॉइडकडूनच करून घेतला. रेकॉर्ड दुकानात होत्या, म्हणून हे झालं. जाहिरातवाल्यांच्या कानावर निक पडला तो त्यानंतर.

निक मोठेपणी चालताबोलता दिसतो असा एकही व्हिडिओ आजवर सापडलेला नाही.

राहिला कर्बी. निकनंतरही त्यानं बऱ्याच कलाकारांसाठी काम केलं, पण पुढे पोटापाण्यासाठी मार्केट रिसर्चच्या क्षेत्रात गेला. २००४ मध्ये निकचं १९६८ सालचं एक रेकॉर्डिंग बाहेर काढलं गेलं. त्यावर ह्यूसनचा तोच, निकनं नाकारलेला वाद्यमेळ होता. तो काढून टाकला आणि त्या जागी कर्बीनं केंब्रिजच्या दिवसांत लिहिलेला वाद्यमेळ नव्यानं वाजवून बसवला. मॅजिक या नावानं हे गाणं आलं आणि ब्रिटनच्या यादीत ३२ व्या नंबरवर पोहोचलं.