पंडिता रमाबाईंची बंगालमधील वर्षे

पंडिता रमाबाईंच्या कार्याचा विचार महाराष्ट्रात बहुधा १८८२ पासून, म्हणजे त्या पुण्यास आल्या तेव्हापासून केला जातो. त्यापूर्वीची बंगाल-आसामातील सुमारे चार वर्षे चरित्राची प्रस्तावना म्हणून उरकली जातात. वस्तुतः ज्या प्रश्नाने त्यांचे पुढील सारे जीवन घडविले, तो त्यांच्यापुढे कलकत्त्यातच उभा राहिला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे शास्त्रनिष्ठ कोकणस्थ ब्राह्मण होते. परंतु स्त्रीने संस्कृत शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे त्यांचे ठाम मत होते. त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीस दिली. वेदाध्ययन मात्र या शिक्षणात नव्हते. ती मर्यादा अनंतशास्त्रींनीही ओलांडली नाही. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगत उपजीविका करीत असे. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील व थोरली बहीण निवर्तल्यावर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देशाटन करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

कलकत्त्याच्या पंडितांनी सभेत या वीस वर्षांच्या ब्राह्मणकन्येची परीक्षा घेतली. तिचे संस्कृत संभाषण व पाठांतर पाहून त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने स्त्रियांस परीक्षांना बसण्याची मुभा दिली आणि कादंबिनी बसू प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्या. स्त्रीच्या विद्येची दोन रूपे अशा रीतीने एकाच नगरात एकाच वर्षी मान्यता पावली. कादंबिनींची विद्या नव्या शाळेतून आली होती. रमाबाईंची विद्या जुन्या परंपरेच्या गाभ्यातून आली होती, आणि तिच्या गौरवात अभिमानाइतकेच नवलही होते.

या गौरवाबरोबर एक कामगिरीही आली. पडदानशीन स्त्रियांपुढे शास्त्रोक्त स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत, अशी विनंती रमाबाईंना करण्यात आली. त्यासाठी त्यांना धर्मशास्त्राचे ग्रंथ पद्धतशीर वाचावे लागले. अनेक बाबतींत परस्परविरोधी असलेले हे ग्रंथ एका बाबतीत एकमत असल्याचे त्यांना आढळले: स्त्री स्वभावतः हीन आहे आणि शूद्राप्रमाणेच तिलाही वेदाचा व मोक्षाचा अधिकार नाही. ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत देऊन वाचनाचा आग्रह केला. लहानपणापासून निषिद्ध मानलेला ग्रंथ हाती घेताना त्यांचे मन कचरले. तथापि वाचनास प्रारंभ झाला. ज्यांनी पंडिता ही पदवी दिली त्यांना परंपरेचे निरूपण हवे होते. या वाचनातून सिद्ध झाली ती परंपरेची परीक्षक.

१८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीतील. तेव्हा जात, प्रांत आणि धार्मिक विधी ही तिन्ही बंधने एकदमच तुटली. सिलचर येथील संसारात त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. ज्या वैधव्याविषयी त्यांनी ग्रंथांत वाचले होते, ते आता त्यांच्या वाट्यास आले.

पुण्यात त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची निकड मांडली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या धर्मांतरामागे आध्यात्मिक ओढ होतीच. परंतु मोक्षाचा अधिकार स्त्रीस आहे किंवा नाही, या कलकत्त्यात पडलेल्या प्रश्नापासून ते वेगळे काढता येत नाही. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढील वर्षी ते पुण्यास हलले. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असा आरोप होऊन १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची शंका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. तथापि सदन बुडाले असते तर त्या विधवांना दुसरे आश्रयस्थान कोणते होते, याचे उत्तर टीकाकारांपाशी नव्हते. दुष्काळातून सोडविलेल्या स्त्रियांसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले ते यानंतरच.

अमेरिकेत १८८७ मध्ये निघालेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथावर लेखिकेचे नाव पंडिता रमाबाई सरस्वती असे आहे. धर्मांतरास तेव्हा चार वर्षे होत आली होती, तरी कलकत्त्याच्या दोन्ही पदव्या त्यांनी टाकल्या नाहीत. मनुस्मृतीचे दाखले देत त्या ग्रंथात त्यांनी जी चिकित्सा केली, तिचा अधिकार त्या पदव्यांतूनच येत होता. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले, तेही त्याच शास्त्रीय वृत्तीने: मूळ भाषेतून आणि स्वतः वाचून. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्या निवर्तल्या. भारतीय भाषांच्या अभ्यासकाने त्यांना केवळ मराठी समाजसुधारक मानू नये. संस्कृतने त्यांना कलकत्त्याच्या सभेत प्रवेश दिला, बंगालने त्यांना प्रश्न दिला, आणि त्याचे उत्तर त्यांनी मराठीत व इंग्रजीत लिहिले.