बऱ्हाणपूरचा कैदी : शहजादा खुस्रो



आमची नोकरी बँकेतली, म्हणजे बदल्यांची. भुसावळ-खंडवा मार्गावर किती फेऱ्या झाल्या याचा हिशोब नाही. त्या प्रवासात हाती पुस्तक नसले तर आम्हाला करमत नसे. आधी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, मग गुरुनाथ नाईक, आणि स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळणारे हिंदीतले इब्ने सफी, वेदप्रकाश शर्मा, सुरेन्द्र मोहन पाठक. पण खरी ओढ होती ती सरकारी मारेकऱ्यांच्या गोष्टींची. इयान फ्लेमिंगने १९५३ साली जेम्स बाँड आणला. त्याच्या क्रमांकातल्या पहिल्या दोन शून्यांचा अर्थच मुळी ठार मारण्याचा सरकारी परवाना.

अशा गोष्टी का आवडतात, याचा निवृत्तीनंतर आम्ही थोडा विचार केला. दिवसभर आम्ही दुसऱ्याच्या सहीवर काम करणारी माणसे. मंजुरी वरून येते, व्हाउचर आपण पास करतो. गोष्टीतला मारेकरीही तसाच. हुकूम वरून येतो, तो काम उरकतो आणि पानाच्या शेवटी निवांत बसतो. त्याला पोलीस धरत नाहीत आणि मनही फारसे खात नाही. वाचणाऱ्यालाही ती मोकळीक तेवढ्यापुरती मिळते. वाईट माणूस मेला, देश वाचला, आपले स्टेशन आले.

गेल्या दिवाळीत मुलगा, सूनबाई आणि नातू आले होते. त्यांना शाही किल्ला दाखवायला नेले. तापीकडे तोंड करून आम्ही नातवाला रंगवून सांगितले, की चारशे वर्षांपूर्वी आपल्या याच गावात सरकारी माणसाने एका शहजाद्याला मारले आणि पोटशूळाने मेला असे कळवून टाकले. नातू खूश झाला. मारेकरी कोण, आत कसा शिरला, सगळे विचारून घेतले. सूनबाईंनी एवढेच विचारले की बाबा, जो मेला तो कसा होता? आम्हाला मारेकऱ्याचे नाव पाठ होते, पण मेलेल्याच्या आईचे नाव सांगता येईना. त्या कादंबऱ्यांत मरणाऱ्याचे चरित्र कधी नसतेच. ती उणीव निदान एका माणसापुरती भरून काढावी म्हणून हा लेख.

खुस्रोचा जन्म १५८७ सालचा, लाहोरचा. बाप शहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर. आई मानबाई, आमेरच्या राजा भगवंतदासांची मुलगी. थोरला मुलगा झाल्यावर तिला शाह बेगम हा किताब मिळाला. आजोबा अकबर बादशहाचा हा लाडका नातू. देखणा, बोलायला गोड, लोकांत मिसळणारा. सलीमने बापाविरुद्ध बंड केले तेव्हा दरबारातले काही बडे लोक म्हणू लागले की मुलाला वगळून गादी नातवालाच द्यावी. त्यांत मामा राजा मानसिंह होते आणि सासरे मिर्झा अझीझ कोकाही. बाप आणि मुलगा एकाच गादीचे दावेदार झाले. या ओढाताणीत सापडलेल्या मानबाईने अफू खाऊन जीव दिला. तिची कबर अलाहाबादला आहे. खुस्रो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता.

१६०५ च्या ऑक्टोबरात अकबर गेला आणि जहांगीर गादीवर बसला. खुस्रोला आग्र्याच्या किल्ल्यात नजरेखाली ठेवले. एप्रिल १६०६ मध्ये आजोबांच्या कबरीचे दर्शन घेतो असे सांगून तो बाहेर पडला आणि साडेतीनशे स्वारांनिशी थेट पंजाबकडे निघाला. वाटेत माणसे जमत गेली. पण लाहोरच्या किल्लेदाराने दरवाजे लावून घेतले, मागून बादशाही फौज आली आणि भैरोवालला मोड झाला. चिनाब ओलांडताना तो पकडला गेला. बंड महिनाभरही टिकले नाही.

शिक्षा मात्र जन्मभराची होती. लाहोरच्या रस्त्याला दुतर्फा सूळ उभारून त्याच्या साथीदारांना चढवले आणि हत्तीवर बसवून खुस्रोला त्यांच्यामधून फिरवले, की घे आपल्या माणसांचा मुजरा. बंडखोर शहजाद्याला आशीर्वाद दिला या आरोपावरून शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनाही त्याच वर्षी देह ठेवावा लागला. पुढल्या वर्षी जहांगीरला मारण्याचा कट उघडकीस आला, त्यात खुस्रोचे नाव आले आणि त्याचे डोळे अधू करण्यात आले. पुढे थोडी दृष्टी परतली, पण पुरी कधीच नाही. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. उरलेली सारी वर्षे कैदेत गेली.

या कैदेत त्याच्याजवळ एकच माणूस कायम राहिले, ती त्याची पत्नी, अझीझ कोकाची मुलगी. तिला बाहेर राहण्याची मुभा होती, तरी ती नवऱ्याबरोबर कोंडून घेऊन राहिली. नूरजहाँने आपली मुलगी लाडली बेगम खुस्रोला देऊ केली होती आणि ते लग्न केले असते तर सुटका झाली असती, असे त्या काळच्या परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. खुस्रोने बायकोसाठी नकार दिला. पुढे लाडलीचे लग्न धाकट्या शहरयारशी झाले.

आता एका पहारेकऱ्याची गोष्ट. खुस्रोवर नेमलेला राजपूत सरदार होता अनीराय सिंहदलन. शिकारीत बादशहावर चाल करून आलेल्या सिंहाशी हा माणूस हातांनी झुंजला होता, म्हणून हा किताब. १६१६ साली नूरजहाँ आणि तिचा भाऊ आसफखान यांना खुस्रो आपल्या ताब्यात हवा होता. आसफखान हा शहजादा खुर्रमचा सासरा. त्याच्या हाती कैदी गेला तर काय होईल हे सगळ्यांना कळत होते. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो तेव्हा दरबारात होता. त्याने नोंदवले आहे की बादशहा नशेत असताना हुकूम मिळवून माणसे अनीरायकडे आली, तेव्हा त्याने कैदी द्यायला साफ नकार दिला. बादशहाने स्वतः हा माणूस माझ्या हाती सोपवला आहे, तेव्हा त्याच्याच हाती परत देईन, असा त्याचा हिशोब. आम्ही बँकवाले या माणसाला लगेच ओळखतो. तोंडी सांगण्यावर तिजोरीची किल्ली न देणारा कॅशियर प्रत्येक शाखेत एखादा तरी असतो. त्याला बढती सहसा मिळत नाही. अनीरायने थोपवले, पण महिनाभरातच बादशहाने स्वतः हुकूम दिला आणि कैदी आसफखानाकडे गेलाच.

रो पुढे एकदा वाटेत खुस्रोला भेटला. कमरेपर्यंत दाढी वाढलेला, जगात काय चालले आहे याची काहीच खबर नसलेला, पण हसतमुख माणूस त्याने पाहिला. हाच रो १६१५ मध्ये सुरतेहून अजमेरला जाताना आपल्या बऱ्हाणपुरात थांबून शहजादा परवेझला भेटला होता.

१६२० च्या अखेरीस मलिक अंबरने दख्खनेत मोगलांना जेरीस आणले. मोहिमेवर खुर्रमला धाडायचे ठरले. त्याला शाहजहान हा किताब आधीच मिळाला होता. आपण दूर असताना बादशहाचे काही बरेवाईट झाले तर लोक खुस्रोला गादीवर बसवतील, ही त्याला धास्ती. म्हणून त्याने अट घातली की खुस्रोला माझ्याबरोबर द्या. जहांगीरने दिला. असा हा शहजादा बऱ्हाणपूरला आला, तो आपल्या भावाचा कैदी म्हणून.

पुढच्या वर्षी जहांगीरचा दमा बळावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. १६२२ च्या आरंभी शाहजहान शिकारीच्या निमित्ताने बऱ्हाणपुराबाहेर गेला. त्या काळच्या परदेशी व्यापाऱ्यांच्या नोंदींप्रमाणे, रात्री रझा नावाचा त्याचा विश्वासू गुलाम खुस्रोच्या दारी आला. खुस्रोने दार उघडले नाही, तेव्हा ते मोडले. गळा दाबून काम उरकले, देह नीट निजवून ठेवला आणि दार लावून घेतले. सकाळी पत्नी आली आणि तिच्या आक्रोशाने बातमी फुटली. बादशहाला पत्र गेले की शहजादा पोटशूळाने वारला. खुस्रो चौतीस वर्षांचा होता.

सरकारी हत्येची रीत तीनशे वर्षांत फारशी बदलली नाही. स्ताशिन्स्की नावाच्या सोव्हिएत हस्तकाने १९५७ आणि १९५९ साली म्युनिकमध्ये दोन युक्रेनी नेत्यांना विषारी फवाऱ्याच्या पिस्तुलाने मारले. पहिला मृत्यू हृदयविकाराचा म्हणून खपूनही गेला होता. १९६१ मध्ये तो पश्चिमेला शरण आला आणि जर्मन न्यायालयाने त्याला फक्त आठ वर्षांची शिक्षा दिली, कारण खरे गुन्हेगार हुकूम देणारे, असे न्यायालयाचे मत पडले. रझाचा खटला झाला असता तर त्यानेही हेच सांगितले असते. अनीरायसमोरही हुकूमच आला होता, हे मात्र आपण विसरू नये.

खुस्रोला आधी आपल्या बऱ्हाणपुरात पुरले, मग देह आग्र्याला आणि शेवटी अलाहाबादला नेला. डचांच्या नोंदींत आहे की पेटी वाटेत जिथे जिथे मुक्कामाला टेकली, तिथे लोकांनी स्मारके केली आणि फुले वाहिली. जिवंतपणी ज्याला कोणी भेटू शकत नव्हते, त्याला मेल्यावर साऱ्या वाटेवर माणसे भेटली. अलाहाबादच्या खुस्रो बागेत तो आईच्या शेजारी निजला आहे.

शाहजहान १६२८ मध्ये गादीवर बसला. त्याआधी त्याच्या हुकमाने खुस्रोचा मुलगा दावरबख्श आणि आणखी चार नातलग लाहोरला मारले गेले. १६३१ मध्ये याच बऱ्हाणपुरात मुमताजमहल बाळंतपणात गेली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरते पुरले. पाहुण्यांना आपण ती जागा हौसेने दाखवतो. पुढे औरंगजेबाने भावांचा काटा काढला, तेव्हा म्हातारा शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात मुलाचाच कैदी होता. आठ वर्षे तो तसा राहिला. भाऊ मारायचा रिवाज त्याने आपल्या घरात रुजवला होता, मुलाने तो चालू ठेवला.

रहस्यकथा आम्ही सोडलेल्या नाहीत, खोटे कशाला सांगा. कालच एक संपवली. पण आता पानावर कोणी मेला की त्याला बायको होती का, आई होती का, असा विचार मनात येतो आणि पुढचे पान जरा हळू उलटते. नातवाला फोनवर मानबाईचे नाव सांगितले आहे, अनीरायचेही. पुढच्या सुट्टीत त्याला पुन्हा किल्ल्यावर नेणार आहोत. परत येताना मावा जिलेबी आहेच. मंडळातल्या ज्या कुटुंबांना बरोबर यायचे असेल त्यांनी जरूर यावे, मुलांनाही आणावे.