सुपरमॅनचे चित्रकार : जो शूस्टर

निळा पोशाख, पाठीवर लहरणारे लाल वस्त्र आणि आकाशात झेप घेणारा देह, हा सुपरमॅन जगभरातील मुलांना परिचित आहे. मात्र त्याला प्रथम कागदावर उतरवणारे जो शूस्टर फार थोड्यांना ठाऊक आहेत.

शूस्टर यांचा जन्म १० जुलै १९१४ रोजी कॅनडातील टोरांटो येथे एका शिंप्याच्या घरी झाला. गरिबीमुळे कोरा कागद मिळणे दुरापास्त होते. वेष्टणाच्या कागदावर, जुन्या भित्तिकागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर ते चित्रे काढीत. लहानपणी त्यांनी वर्तमानपत्रेही विकली. पुढे कुटुंब अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी आले. तेथील शाळेत त्यांना जेरी सीगल हा कथा रचणारा मित्र लाभला. सीगल लिहीत आणि शूस्टर रेखाटीत.

अनेक नकारांनंतर १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. अवघ्या १३० डॉलरच्या मोबदल्यात दोघा मित्रांनी त्याचे सर्व हक्क प्रकाशकाला लिहून दिले. त्या पात्राने प्रकाशकाला अमाप धन मिळवून दिले. १९४७ साली हक्कांसाठी दोघे न्यायालयात गेले. पण हक्क परत मिळाले नाहीत, उलट कथांवरील त्यांची नावेही गेली. त्यातच शूस्टर यांची दृष्टी मंदावली आणि चित्रकाराच्या हातातील कुंचला सुटला.

अखेर १९७५ साली सहकारी चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जनमताच्या दडपणामुळे कंपनीने दोघांना आजीव वार्षिक वेतन दिले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. ३० जुलै १९९२ रोजी शूस्टर यांचे निधन झाले. दुर्बळांना न्याय देणारा वीर रेखाटणाऱ्या या कलावंताला स्वतःच्या नावासाठी मात्र जवळजवळ तीन दशके वाट पाहावी लागली.