ग्लुकोजची आकृती काढणारे एमिल फिशर

बारावीच्या रसायनशास्त्रात ग्लुकोजची उभी साखळी काढावी लागते. ओएच आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग दोनदा उजवीकडे. अलोरे असो की मुंबई, ही आकृती सगळीकडे 'फिशर प्रोजेक्शन' म्हणूनच पाठ होते.

एमिल फिशर यांचा जन्म १८५२ चा, जर्मनीतला. वडील लाकडाचे व्यापारी. पोराला धंद्यात घालून पाहिलं, पण याला व्यापार जमायचा नाही हे कळल्यावर त्यांनी शिकायला पाठवलं. रसायनशास्त्राचं नशीब!

१८७५ मध्ये फिशर यांनी फिनाइलहायड्रॅझिन हे रसायन शोधलं. तेव्हा साखरांचा अभ्यास करणाऱ्यांची मोठी पंचाईत होती: प्रयोगशाळेत साखरेचा चिकट पाकच हाती येई, तिचे खडे धरत नसत. मग शुद्ध काय करणार आणि तपासणार काय? हे रसायन घातल्यावर मात्र पिवळे स्फटिक मिळू लागले. ग्लुकोजच्या साखळीच्या १६ मांडण्या शक्य होत्या, म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबांच्या ८ जोड्या. त्यांतली ग्लुकोजची जोडी कोणती, हे फिशर यांनी १८९१ मध्ये नुसत्या प्रयोगांवरून आणि तर्कानं ठरवलं. क्ष-किरणांचा शोधही तेव्हा लागला नव्हता. जोडीतलं खरं कोणतं आणि प्रतिबिंब कोणतं, हे कळायला मार्ग नव्हता. तिथे त्यांनी एक बाजू सरळ गृहीत धरली.

१९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ज्या रसायनानं यश दिलं, त्याचंच विष अंगात भिनत गेलं. लग्नानंतर सातच वर्षांत पत्नी वारली होती. तीन मुलांपैकी दोन पहिल्या महायुद्धाच्या काळात गेले. १९१९ मध्ये फिशर यांचंही निधन झालं.

त्यांनी गृहीत धरलेली बाजू बरोबर होती, हे १९५१ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं.

साखरेचे रेणू एकमेकांना जोडणं त्याहून किचकट. प्रत्येकावर ओएचचे अनेक हात असतात. नको ते झाकून ठेवावे लागतात. शिवाय प्रत्येक सांधा दोन दिशांनी बसू शकतो. १९७१ मध्ये फ्रेशे आणि शूर्क यांनी पहिली साखर राळेच्या बारीक मण्याला चिकटवली. पुढची जोडायची, उरलेलं रसायन धुऊन टाकायचं, मग तिसरी. मणी जागेवरच असल्यानं दर पायरीला पाक गाळत बसायला नको. २००१ मध्ये पीटर झीबर्गर यांच्या गटानं हे काम यंत्राकडून करून घेतलं. सांध्याची दिशा कोणती हवी, हे मात्र त्या यंत्रालाही रसायनतज्ज्ञानंच आधी ठरवून द्यावं लागतं.