आई-वडील एकाच दिवशी गेले, मागे अटकेचा हुकूम लागला, त्याच पोरानं जगाला भरवशाचा थर्मामीटर दिला

घरात कुणी आजारी पडलं की पहिला प्रश्न असतो, ताप किती आहे? उत्तर येतं, १०२. त्याच दिवशी टीव्हीवर बातमी असते की नागपूरचा पारा ४५ वर गेला. १०२ ला माणूस अंथरुणात पडून आहे आणि ४५ ला अख्खं शहर भाजून निघतंय, याचं आपल्याला काहीच वाटत नाही. कारण ताप आपण फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि हवामान सेल्सिअसमध्ये.

यातला फॅरनहाइट म्हणजे डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट. जन्म २४ मे १६८६ चा, बाल्टिक समुद्राकाठच्या डान्झिग शहरातला. आज हे शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याला ग्दान्स्क म्हणतात. वडील व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. पण १४ ऑगस्ट १७०१ ला त्याचे आई आणि वडील दोघंही गेले. खाण्यात विषारी अळंबी आली होती, असं सांगितलं जातं. डॅनियल तेव्हा १५ वर्षांचा होता आणि भावंडांत थोरला.

पालकत्व ज्यांच्याकडे आलं त्यांनी त्याला व्यापार शिकायला ॲम्स्टरडॅमला धाडलं. पोरगं हिशेबाच्या वह्यांत काही रमलं नाही. त्याचा जीव काचेच्या नळ्यांत, थर्मामीटर आणि बॅरोमीटरमध्ये अडकला. त्यासाठी त्यानं वारशाच्या भरवशावर उधाऱ्या केल्या. वैतागलेल्या पालकांनी शेवटी त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे पाठवून देण्याची तजवीज केली. अटकेचा हुकूमच निघाला! गडी सापडला असता तर उरलेलं आयुष्य मसाल्याच्या वखारीत गेलं असतं.

तो सापडला नाही. गावोगाव भटकत, काच फुंकणाऱ्या कारागिरांकडून आणि विद्वानांकडून शिकत राहिला. १७०८ मध्ये तो कोपनहेगनला ओले रोमर यांना भेटला. प्रकाशालाही वेग असतो हे गुरूच्या चंद्रावरून दाखवून देणारे, तेच रोमर.

त्या काळी थर्मामीटर होते, पण प्रत्येक कारागिराच्या खुणा वेगळ्या. एकाच खोलीत दोन थर्मामीटर ठेवले तर दोघं दोन आकडे दाखवणार. मग लंडनची थंडी आणि पॅरिसची थंडी ताडून बघणार कशी? रोमर यांनी आपल्या पट्टीवर दोन ठरलेले बिंदू घेतले होते. त्यात पाणी गोठायचं साडेसातला आणि उकळायचं ६० ला.

फॅरनहाइटला कल्पना पटली, पण अपूर्णांक खटकले. त्यानं आकड्यांना चारनं गुणलं. साडेसातचे ३० झाले, आणि शरीराच्या उष्णतेचे साडेबावीस होते त्यांचे ९०. पुढे त्यानं ते ३२ आणि ९६ केले. ३२ हा आकडा विचित्र वाटतो ना? पण ३२ आणि ९६ मध्ये अंतर आहे ६४ चं. ६४ चे अर्धे, त्याचे अर्धे असं सहा वेळा करत गेलं की थेट एका अंशाची खूण मिळते. हातानं काचेवर खुणा पाडणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार! शून्य त्यानं ठेवलं बर्फ, पाणी आणि मिठासारखे क्षार यांच्या थंडगार मिश्रणाला.

१७१४ मध्ये त्यानं जर्मनीतल्या हाले इथले प्राध्यापक ख्रिस्टियन वोल्फ यांना स्वतः बनवलेले दोन थर्मामीटर दिले. दोन्हींनी जवळजवळ सारखाच आकडा दाखवला. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण वोल्फ यांना ती गोष्ट छापून सांगावीशी वाटली. माझ्या मते फॅरनहाइटचं खरं काम हेच. त्याच सुमारास त्यानं अल्कोहोल सोडून पारा वापरायला घेतला. पारा काचेला चिकटत नाही आणि उकळत्या पाण्यातही स्वतः उकळत नाही. म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदू मोजता आला आणि तो आला २१२. हवेचा दाब बदलला की हा आकडाही बदलतो, हेही त्यानं दाखवलं. महाबळेश्वरला पाणी थोडं आधी उकळतं ते यामुळेच.

१७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. पैसा मात्र आला नाही. लग्न केलं नाही. उपकरणं विकून आणि रसायनशास्त्रावर व्याख्यानं देऊन तो गुजराण करायचा. १७३६ मध्ये पाणी उपसण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवायला तो हेगला गेला, तिथं आजारी पडला आणि १६ सप्टेंबरला वारला. वय ५०. अंत्यविधी झाला तो चौथ्या दर्जाचा, म्हणजे कफल्लक माणसाचा.

सहा वर्षांनी, १७४२ मध्ये, स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी शंभर अंशांची पट्टी मांडली. गंमत म्हणजे त्यांनी उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० दिले होते. १७४४ मध्ये ते वारल्यावर पट्टी उलटी झाली, तीच आज आपण वापरतो.

आता हिशेब बघा. गोठण्यापासून उकळण्यापर्यंत सेल्सिअसमध्ये १०० पायऱ्या, फॅरनहाइटमध्ये १८०. म्हणून सेल्सिअसला ९ नं गुणा, ५ नं भागा आणि ३२ मिळवा. तोंडी करायचं तर आकड्याची दुप्पट करा, त्यातून दहावा भाग काढा, ३२ मिळवा. नागपूरचे ४५ घ्या. दुप्पट ९०, त्यातून ९ गेले, राहिले ८१, अधिक ३२, झाले ११३. उलट जायचं असेल तर आधी ३२ वजा करा, मग ५ नं गुणून ९ नं भागा. उणे ४० ला दोन्ही पट्ट्यांवर एकच आकडा येतो.

फॅरनहाइटची पट्टी नंतर ३२ आणि २१२ या दोन बिंदूंवर पक्की केली गेली. त्यात निरोगी शरीराचा आकडा ९६ वरून ९८.६ वर सरकला, म्हणजे ३७ सेल्सिअस. तेव्हा जर्मनीत शिकणाऱ्या लेकीनं फोनवर ताप ३८.३ सांगितला, तर तो किरकोळ समजू नका. तो आपल्याकडचा १०१ आहे.